भारी साहेब

धामणगावात परवा एका दाखल्यावर सही हवी होती. सही झाली, शिक्का बसला, आणि मी तिथंच थबकलो. पदनामाखाली ठळक अक्षरांत उमटलं होतं: 'भारी'.

मूळ शब्द 'प्रभारी'. साहेब याच कार्यालयात लिपिक म्हणून लागले. वरची खुर्ची रिकामी झाली तेव्हा तिचा 'तात्पुरता' कार्यभार यांच्या गळ्यात पडला. तात्पुरत्याला यंदा नऊ वर्षं झाली. रबर झिजलं, आधी कंस गेले, मग 'प्र' गेला.

"नवा शिक्का काहून नाही बनवत, भाऊ?"

"त्याच्या खर्चाच्या मंजुरीले कायम अधिकाऱ्याची सही लागते ना!"

हा शिक्का दाखले देतो, बिलं काढतो, शिपायाची रजा मंजूर करतो, दौरा असला की रात्री मंडपवाल्याला उठवतो. काम बिघडलं की तो साहेब, पगाराच्या दिवशी बाबू. कारणे दाखवा नोटिशीत 'प्रभारी' हा शब्द कधी नसतो. तिथं पदनाम पूर्ण! पदोन्नतीचं विचारलं की सेवाज्येष्ठता यादी अंतिम व्हायची असते. तिची वाट पाहता पाहता यादीतले दोघं स्वतःच अंतिम झाले. शासनानं सोय केली नाही असं नाही. १ जानेवारी २०१६ पासून १०, २० आणि ३० वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती आहे. पद न देता वरची वेतनश्रेणी. पोळ्याच्या बैलासारखं. आज झूल अन् पुरणपोळी, उद्या पुन्हा जू.

मग एक दिवस सरळसेवेतून कुणी येतो, नागपूरहून अप-डाउन करणारा. सकाळची गाडी लेट म्हणून साहेब लेट, संध्याकाळची चुकू नये म्हणून साहेब चारलाच फलाटावर. त्याला टिपणी लिहायला शिकवायचं कुणी? भारींनी. तो बदली करून घेतो, खुर्ची पुन्हा भारींकडे.

माझं डोकं इथं फिरतं. माणूस खुर्ची चालवायला लायक आणि खुर्चीवर बसायला नालायक, हा कुठला हिशेब? नालायक असेल तर नऊ वर्षं आमचे दाखले त्याच्या हाती का दिले? लायक असेल तर आदेश काढा. दोन ओळींचा तर कागद आहे!

येत्या मेअखेर साहेब ५८ वर्षांचे होऊन निवृत्त होतील, मूळ पदावरूनच. शिक्का जागेवर राहील. त्याची अजून दोन अक्षरं झिजायची आहेत.