अर्ध्या पिशवीच्या मानकऱ्यांस

'एक सर्व्हिंग' ठरवणारे थोर साहेब यांस,



काल डोंबिवलीला उतरून घरी पोचेपर्यंत रात्रीचे पावणेदहा झाले. आपली 'लाइट' मूगडाळ खिचडी उकळत्या पाण्यात ठेवली, पिशवी कापली, ताटलीत ओतली, संपवली. पुढे ठळक अक्षरांत 'फक्त १८० कॅलरी'. वजन उतरवायला निघालेल्या बाईला आणखी काय हवं? मग चष्मा लावून, मोबाइलचा टॉर्च मारून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचली. पिशवी ३०० ग्रॅमची, सर्व्हिंग १५० ग्रॅमचं. म्हणजे १८० कॅलरी अर्ध्याच पिशवीच्या!

उरलेली अर्धी कुणाची, साहेब? आमच्याकडे एवढीशी खिचडी वाढली, तर पाहुणा विचारील, नैवेद्याची आहे का? आपल्या मातोश्रींनी आपल्याला १५० ग्रॅमवर कधी पानावरून उठू दिलं होतं? अख्ख्या पिशवीत सोडियम १२०० मिलिग्रॅम. दिवसभराची मर्यादा २००० आहे, हे आपणच त्याच कोपऱ्यात छापलंय. पण तिथेही टक्केवारी अर्ध्याच पिशवीची.

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणून एक कळलं: पाणी, तांदूळ, तेल आणि मग मूगडाळ. तेलाच्या मागे रांगेत उभी राहिलेली डाळ मी प्रथमच पाहिली. 'प्रिझर्व्हेटिव्ह नाहीत' ही फुशारकीही नको. बंद पिशवी १२१ अंशांच्या आसपास तापवली की त्यांची गरजच उरत नाही. संरक्षण खात्याच्या म्हैसूरच्या प्रयोगशाळेने अशा पिशव्यांवर काम केलं ते जवानांसाठी. ते डोंगर चढतात, मी लोकलमध्ये लोंबकळते.

'मग घरीच करायची होती की!' असं आमच्या डाएटिशियनबाईही म्हणतील. घरच्या खिचडीत तेल माझ्या हाताने पडतं, किती ते दिसतं, हे खरंच. पण हा सल्ला देणारे बहुतेक जण कुणाच्या तरी हातचं आयतं जेवतात. डाळ-तांदूळ धुवा, कांदा चिरा, शिट्ट्या मोजा आणि अकरा वाजता कुकर घासा. हे सगळं तुम्हाला पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर पिशवी खपते. माझ्या दमणुकीवर धंदा करताय ना? करा. पण हिशेब तरी खरा द्या! ३६० छापलं असतंत तरी त्या वेळी मी तीच उचलली असती.

कधी वाटतं, आपण आधी ३०० ग्रॅमच लिहिलं असेल आणि मीटिंगमध्ये कुणीतरी 'आकडा दोनशेच्या आत बसवा' म्हणून ते परत पाठवलं असेल. आपणही त्या रात्री ऑफिसातच थांबला असाल. आणि पँट्रीत दुसरं काही नसेल, तर पिशवी हीच. तेव्हा अर्धी ठेवलीत का हो? कुणासाठी?

आपली,
दोन्ही सर्व्हिंगं एकटीने संपवणारी