फी न घेणाऱ्या शाळेस

मालवण किनाऱ्यावरील आमच्या वाडीतील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेस, शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, आमचे चिरंजीव येत्या जूनपासून तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळेत जाणार असून, या निर्णयाचा सर्व दोष आपल्याकडे येतो, हे आपल्या दप्तरी रुजू व्हावे म्हणून ही कैफियत.

आपला पहिला अपराध असा की, आपण पैसे घेत नाही. पुस्तके, गणवेश, दुपारचा आहार सारे फुकट. त्यातही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शिक्षणच हक्काचे करून टाकल्यामुळे उपकृत होण्याची सोयही उरलेली नाही. ज्या विद्येची पावती मिळत नाही, तिची थोरवी पाहुण्यारावळ्यांत सांगावी कशी? नव्या शाळेचे शुल्क, बसभाडे, बूट आणि टाय यांची वसुली जूनमध्ये, म्हणजे १ जून ते ३१ जुलै सरकारी हुकुमाने यांत्रिक मासेमारी बंद असून होड्या झापांखाली शाकारलेल्या असतात, नेमकी तेव्हा होते. त्यामुळे नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण होण्यापूर्वीच घरचे मंगळसूत्र पतपेढीस अर्पण होते, आणि एवढ्या त्यागाने मिळविलेली विद्या हलकी म्हणण्याची छाती कोणाची?

दुसरा अपराध गुरुजींचा. त्यांनी डी.एड. केले, पात्रता परीक्षाही दिली. नव्या शाळेतील बाईंची पदविका व पगार विचारण्याची मात्र रीत नाही. आपल्याकडे भरती-ओहोटीचा धडा शिकून आलेला मुलगा रात्री आजोबांशी वाद घालतो; तोच धडा इंग्रजीत घोकल्यावर दोघेही गप्प बसतील आणि घरात शांतता नांदेल.

अर्थात आपलेही सारेच सोवळे नाही. गुरुजी दोन, इयत्ता चार. त्यांतील एकास निवडणूक वा जनगणनेच्या कामी नेण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम २७ ने दिलेली, आणि त्या दिवसांत चारही वर्ग एका खडूवर चालतात. हे गाऱ्हाणे आम्ही ग्रामसभेत घालू शकलो असतो. परंतु मुलाचे नाव काढणे अधिक सोपे पडले.

वीस वा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून त्यांच्या समूहशाळा करण्याचे प्रस्ताव शिक्षण आयुक्तांनी सप्टेंबर २०२३ मध्ये मागविले होते. आपला पट आज एकवीस आहे. तरी आमच्या चिरंजीवांचा शाळा सोडल्याचा दाखला शुक्रवारपर्यंत तयार ठेवावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक जागरूक पालक