आकडे असे मांडा की कुणाला बेरीज करता येऊ नये

(विविध कार्यकारी सोसायटीचे सचिव, ग्रामपंचायतीचे कारकून, पतसंस्थेचे व्यवस्थापक आणि कोर्टासमोरचे टायपिंगवाले यांच्यासाठी मार्गदर्शक सूचना)

सहकारी संस्थेची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्यामुळे जळगाव-धुळ्याकडे पोळा आटोपतो न आटोपतो तोच अहवाल टाइप करण्याची घाई सुरू होते. अहवालात अध्यक्षांचे मनोगत असते, श्रद्धांजली असते, शुभेच्छुकांच्या जाहिराती असतात. हे सगळे निरुपद्रवी आहे. धोका असतो तो तक्त्यांत. तक्त्यात आकडे एकाखाली एक येतात आणि एकाखाली एक आलेले आकडे पाहून खानदेशातला माणूस स्वस्थ बसत नाही. केळीचे क्विंटल, कापसाची पट्टी, मजुरीचे खाडे हे सगळे तो वर्षभर तोंडी जुळवत असतो. त्याच्या हाती नीट मांडलेला रकाना देणे म्हणजे स्वतःहून चौकशी मागवणे.

शिवाय हा प्रदेश आकड्यांच्या बाबतीत मुळातच संवेदनशील आहे. चाळीसगाव तालुक्यात पाटणादेवीच्या परिसरात भाऊ दाजी लाड यांना एक शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ राजे सोइदेव व हेमाडिदेव यांनी त्याला देणग्या दिल्या, अशी त्यात नोंद आहे. साल शके ११२८. लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत असून बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय मिळायचे ते त्यात कोरले आहे. म्हणजे जमेची बाजू दगडात. पुसता येत नाही, पुन्हा टाइप करता येत नाही. त्याच भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त एकपासून परार्धापर्यंत अठरा स्थाने सांगितली. आकड्याची किंमत तो कुठे उभा आहे त्यावर ठरते, हा त्यांचा मुद्दा. आपले काम नेमके उलटे आहे. आकड्याला उभे राहायला जागाच ठेवायची नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्ट वर्ड पुरेसे आहे. सूचना क्रमाने पाळाव्यात.

१. सगळे आकडे मधोमध घ्या

पूर्ण तक्ता निवडा आणि कंट्रोल-ई दाबा. नऊशेचा नऊ आता नऊ लाखांच्या मधल्या शून्याखाली येईल. शतकाखाली शतक राहणार नाही, त्यामुळे हातच्याचा प्रश्नच मिटेल. कुणी विचारलेच, तर ‘दिसायला छान दिसते’ असे सांगावे. या उत्तराला सहकार कायद्यात तोड नाही.

ज्यांना मधोमध घेणे फार उघड वाटते त्यांनी स्पेसबार वापरावा. दहा-बारा वेळा स्पेसबार दाबून आकडे सरळ रेषेत आणावेत आणि फाइल छापखान्यात पाठवावी. तिथल्या संगणकावर फाँट वेगळा असतो. रांग आपोआप मोडते आणि दोष छापखान्यावर जातो.

२. दशांश चिन्हाला फार मान देऊ नका

चलनात दशमान पद्धत १ एप्रिल १९५७ ला आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी कागद पाहिलेत तर कळेल, की जुने कारकून पाव, अर्धा, पाऊण हे आकड्यापुढे एक, दोन, तीन उभ्या रेघा ओढून दाखवत. त्या खुणांना २००९ मध्ये युनिकोडमध्येही जागा मिळाली. म्हणजे टिंब हे आपल्याकडे तसे नवखेच. त्याला एका रेषेत उभे करण्याचा हट्ट कशाला?

एका ओळीत १२५०.५० लिहा, दुसरीत ८७५, तिसरीत ३४०.५ आणि चौथीत ६१०/-. मग रकाना उजवीकडे सारा. ३४०.५ मधला पाच थेट पन्नास पैशांच्या शून्याखाली येईल. पतसंस्थेच्या सोनेतारणाच्या तक्त्यात तर हा उपाय फारच गुणकारी. सराफाचा काटा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतो म्हणून वजन १२.४५० ग्रॅम असे लिहिण्याची रीत आहे. तुम्ही शेवटची शून्ये काढून एके ठिकाणी १२.४५, एके ठिकाणी ८.५ आणि एके ठिकाणी नुसते १० लिहा. जळगावच्या सराफ बाजारात हयात घालवलेला माणूससुद्धा दोन मिनिटे थबकेल. सभेत दोन मिनिटे पुष्कळ असतात.

३. स्वल्पविराम अमेरिकेहून मागवा

आपल्याकडे तीन आकड्यांनंतर दोन-दोनचे गट पडतात : १२,५०,०००. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी ठेवली तर एक्सेल तीच रक्कम १,२५०,००० अशी दाखवते. मांडणी बदलण्याची सोय विंडोजमध्ये असते, पण तिकडे जाऊ नये. निम्मा तक्ता एक्सेलमधून आणावा, निम्मा हाताने टाइप करावा. सभासद लाख मोजत असताना स्वल्पविराम दशलक्ष मोजत असेल. एकाच पानावर दोन देश नांदले म्हणजे वाद होत नाही, फक्त गोंधळ होतो.

एक्सेलमधून आणताना रकाने अरुंद ठेवावेत. तिथे आकडा मावला नाही की ##### अशी जाळी दिसते आणि चिकटवल्यावर वर्डमध्येही ती जाळीच येते. ‘संचालक मंडळ प्रवासखर्च : #####’ ही नोंद खोटी आहे, असे कोणताही लेखापरीक्षक म्हणू शकणार नाही.

थेट वर्डमध्ये रकाना अरुंद केला तर जाळी येत नाही. आकडाच दोन ओळींत तुटतो. वर ४,८५,० आणि खाली ००. वरचा भाग वाचणाऱ्याला खर्च आटोक्यात वाटतो.

४. फाँट आणि लिपी यांचा मेळ बसू देऊ नका

काही फाँटांत एकचा आकडा सडपातळ असतो आणि नऊ ऐसपैस बसतो. लग्नपत्रिकेसाठी ते ठीक, पण तक्त्यात १११ आणि ९९९ एकाच रुंदीचे दिसत नाहीत. म्हणून असाच फाँट निवडा. इंग्रजीत जॉर्जिया घ्या. त्यातले काही आकडे ओळीखाली लोंबतात, काही बुटके राहतात.

याहून जालीम उपाय जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटांचा. कृतिदेवात टिंब उमटवण्यासाठी आडव्या रेघेची कळ दाबावी लागते. पडद्यावर १२.५० दिसते, पण फाइलच्या पोटात टिंब नसतेच, रेघ असते. फाँट बदलला की ते १२-५० होते. ही रक्कम आहे, वजाबाकी आहे की पान क्रमांक, हे ठरवण्यासाठी उपसमिती नेमता येते.

५. जमिनीच्या तक्त्याची विशेष काळजी घ्या

कर्जवाटपाचा तक्ता जमिनीशिवाय होत नाही आणि जमीन ही संगणकाला न समजणारी गोष्ट आहे.

प्रथम गट क्रमांक. गट १२/१ एक्सेलच्या घरात टाइप करून एंटर दाबा. गट नाहीसा होऊन भारतीय मांडणीत १२ जानेवारी उगवेल. खुद्द ७/१२ लिहिलात तर भारतीय मांडणीत ७ डिसेंबर आणि अमेरिकी मांडणीत १२ जुलै. शेतकऱ्याच्या उताऱ्याची तारीख झाली तरी घाबरू नका. खरिपाचे कर्ज असेल तर जुलै ठेवा, रब्बीचे असेल तर डिसेंबर. घराचे स्वरूप आधी ‘टेक्स्ट’ केले तर हा चमत्कार घडत नाही, म्हणून आधी काहीही करू नये.

मग क्षेत्र. सरकारी उताऱ्यावर ते हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने येते, उदाहरणार्थ ०.८१.५०. एकाच आकड्यात दोन टिंबे! यातल्या कोणत्या टिंबावर रांग धरायची, हा प्रश्न वर्डला विचारण्यातच मजा आहे.

पण शेतकरी अजून एकर-गुंठ्यातच बोलतो आणि आपला खरा लाभ तिथेच आहे. तीन भावांची शेती समजा : १ एकर २० गुंठे, २ एकर ३० गुंठे आणि ३५ गुंठे. तक्त्यात १.२०, २.३०, ०.३५ असे लिहा आणि बेरीज घ्या. उत्तर येते ३.८५. एकराचे गुंठे चाळीस, म्हणून खरी बेरीज ५ एकर ५ गुंठे. ३.८५ हा साधा दशांश म्हणून वाचला तर तब्बल ५१ गुंठे गेले. बांध कोरला नाही, मोजणी आणली नाही, भावकीत एक शब्द झाला नाही. एका टिंबाने एक्कावन्न गुंठे खाल्ले आणि ढेकरही दिला नाही. ज्या जिल्ह्यांत हातभर बांधावरून दोन पिढ्या तारखा चालतात तिथे या शांततेची किंमत ओळखावी.

६. बेरीज वर्डवरच सोपवा

तक्त्याच्या शेवटच्या घरात कर्सर ठेवून ‘लेआउट’मधून ‘फॉर्म्युला’ उघडा. वर्ड स्वतःच सुचवते : सम, कंसात अबव्ह. म्हणजे वरच्या सगळ्यांची बेरीज. ‘वरच्या सगळ्यां’मध्ये काय काय येते ते वर्ड सांगत नाही.

उत्पन्नाच्या रकान्याला इंग्रजी आकड्यांत नुसते २०२५ असे शीर्षक द्या. वर्ड त्या सालाचीही बेरीज करून टाकते. संस्थेचे उत्पन्न विनासायास दोन हजार पंचवीस रुपयांनी वाढते. खर्चाच्या रकान्यात मात्र मध्यावर एक घर रिकामे सोडा. खालून वर चढणारी बेरीज त्या घरापाशी थांबते, वरचा खर्च तिच्या हिशेबी नसतोच. शीर्षकाने उत्पन्न वाढले, पोकळीने खर्च घटला. इतका सोपा नफा नोटाबंदीतही कुणाला झाला नसेल.

बेरीज एकदा आली की वरचे आकडे खुशाल बदला. खालची बेरीज जागची हलत नाही. ती निवडून एफ९ दाबले तरच नवी होते. म्हणून एफ९ या कळेवर चहाचा कप ठेवावा.

७. शून्य, निरंक आणि रेघ

एकाच रकान्यात कुठे ०, कुठे आडवी रेघ, कुठे ‘निरंक’, कुठे ‘लागू नाही’ आणि कुठे काहीच नाही, अशी विविधता राखावी. शून्य म्हणजे खर्च झाला नाही. रेघ म्हणजे माहिती आली नाही. निरंक म्हणजे साहेबांना कळवले आहे. रिकामे घर म्हणजे विचारू नका. हा फरक कुठेही छापू नये.

‘आकडे लाखांत’ ही टीप तक्त्याच्या डोक्यावर न देता तीन पानांनंतर, बारीक अक्षरात, आभारांच्या खाली द्यावी. तक्ता दोन पानांवर गेला तर दुसऱ्या पानावर शीर्षकांची ओळ येऊ देऊ नये. डावा रकाना मागील वर्षाचा की चालू वर्षाचा, हे सभासदाने श्रद्धेने मानावे.

८. चुकूनही करू नयेत अशा गोष्टी

काही उत्साही टंकलेखक पुढील प्रकार करताना आढळतात. त्यांना वेळीच आवरावे.

आकड्यांचा रकाना उजवीकडे घेणे आणि नावांचा डावीकडे. रुलरच्या डाव्या टोकाची छोटी चौकट दाबत दाबत दशांश टॅब आणणे आणि रकाना निवडून रुलरवर एक टिचकी मारणे. रकाना डावीकडे घेतलेला असेल तर यानंतर घरात टॅब दाबावाही लागत नाही, सगळी टिंबे आपसूक एकाखाली एक येतात. ज्यांना घरात टॅब हवाच असतो ते कंट्रोल-टॅब दाबतात, कारण नुसता टॅब पुढच्या घरात उडी मारतो.

संपूर्ण रकान्यात दशांशस्थळे सारखी ठेवणे. पैसे नकोत तर कुठेच नकोत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर बंद झाली, हे लक्षात ठेवून पूर्ण रुपयांत लिहिणे. ₹ चे चिन्ह प्रत्येक ओळीत न देता एकदाच शीर्षकात देणे आणि शेजारी ‘हजारांत’ की ‘लाखांत’ तेही सांगणे. चिन्ह आकड्याशेजारी द्यावेच लागले, तर मधल्या जागेसाठी कंट्रोल-शिफ्ट-स्पेस वापरणे, म्हणजे चिन्ह एका ओळीत आणि रक्कम दुसऱ्या ओळीत जात नाही.

रिकाम्या घरात शून्य लिहिणे. एकर आणि गुंठे यांना दोन वेगळे रकाने देणे. ‘रिपीट हेडर रोज’ लावून शीर्षक प्रत्येक पानावर आणणे. छापण्याआधी कंट्रोल-ए, मग एफ९ दाबणे. आणि सगळ्यात घातक म्हणजे संगणकाची बेरीज एकदा कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहणे.

९. एवढे करूनही कुणी उठलाच तर

सभेत मागच्या रांगेत एक म्हातारा असतो. त्याच्या खिशात पेन असते आणि अहवालाच्या मलपृष्ठावर जाहिरात न मिळाल्याने कोरी जागा राहिलेली असते. तो मधोमध घेतलेले आकडे तिथे पुन्हा उतरवतो, एकंखाली एकं, दहंखाली दहं. मग उभा राहून विचारतो, “सचिवभाऊ, हाई काय शे?”

अशा वेळी संगणकाचा दोष सांगू नये, त्याचा नातू संगणकच शिकलेला असतो. वरण-बट्टी तयार असल्याचे जाहीर करावे आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास सभामंडपाकडे येईल अशी चूल आधीच मांडून ठेवावी. बहुतेक विषय त्या वासात मंजूर होतात. म्हातारा मात्र जेवून परत येतो, कागद हातातच असतो. त्याला दाखवण्यासाठी कीर्दवहीच काढावी लागते आणि कीर्दवहीचे रकाने छापूनच आलेले असतात. ते मधोमध घेता येत नाहीत.