बावीसवाला

जुन्या व्हिडिओ गेमचे संग्राहक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बहुतेक दुःखी आहेत. कारण त्यांनी यशस्वी यंत्रावर जीव लावला. निन्टेन्डोचा फॅमिकॉमच घ्या. जपानात त्याचे हजाराच्या वर गेम निघाले. ते सगळे जमवायला निघालेला माणूस पन्नाशीला टेकला तरी शे-दोनशे राहिलेलेच असतात. घरात फॅमिकॉम मावतो, माणसं मावत नाहीत.

बावीसवाला असा फसत नाही. त्याने आधी हिशेब केला आणि मग प्रेमात पडला. निन्टेन्डोनेच १९९५ साली 'व्हर्च्युअल बॉय' नावाचं यंत्र काढलं. ते सपशेल आपटलं आणि वर्षभराच्या आत गुंडाळलं गेलं. तेवढ्या आयुष्यात त्यावर जगभर मिळून बावीस गेम निघाले. जपानात १९, अमेरिकेत १४, त्यांतले ११ दोन्हीकडे. एकोणीस अधिक चौदा वजा अकरा. हा मंत्र तो अशा चालीत म्हणतो की मुंजीत गायत्रीऐवजी हाच कानात सांगितला होता की काय, अशी शंका यावी. बावीस म्हणजे एका कप्प्यात मावणारा, पगारात बसणारा आणि मुख्य म्हणजे कधीतरी संपणारा आकडा. दुसऱ्याच्या अपयशावर इतकं नीट नियोजन मी विमा एजंटांतही पाहिलेलं नाही.

यंत्राची माहिती इथेच उरकून घेऊ, कारण बावीसवाल्याच्या तोंडून ऐकायची झाली तर रात्रीचं जेवण चुकतं. दोन पायांच्या घोडीवर उभा केलेला लाल-काळा डबा. तो टेबलावर ठेवायचा आणि जत्रेतल्या बायोस्कोपमध्ये घालतात तसं त्यात वाकून तोंड घालायचं. रंग मात्र फक्त लाल, काळ्यावर लाल, कारण त्या काळात लाल एलईडी स्वस्त पडत आणि वीजही कमी खात. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ दिव्यांची एकच उभी ओळ आणि समोर भराभर हलणारा आरसा. त्या हलण्यातून अख्खं चित्र उभं राहतं, आणि दोन डोळ्यांची दोन चित्रं मिळून खोलीही दिसते. युक्ती खरोखर डोकेबाज होती. दुकानातल्या गिऱ्हाईकाला मात्र इतकंच दिसलं की पंधरा हजार येन देऊन मान आखडते आणि कपाळ ठणकतं. शिवाय शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नाही, म्हणजे हेवा वाटायचीही सोय नाही. खेळताना ठरावीक वेळाने आपोआप थांबून 'आता विश्रांती घ्या' असं सुचवण्याची व्यवस्था गेममध्येच होती. जुलैत जपानात आलेलं यंत्र डिसेंबरात तिथे बंद झालं. सगळी मिळून सुमारे ७ लाख ७० हजार यंत्रं खपली.

ते बनवणारा गुनपेई योकोई साधा माणूस नव्हता. गेम बॉय त्याचाच. १९९६ मध्ये त्याने कंपनी सोडली आणि १९९७ च्या ऑक्टोबरात रस्ता अपघातात तो गेला. बावीसवाला त्याला 'योकोईसान' म्हणतो आणि त्याच्यावर विनोद करत नाही, म्हणून मीही करत नाही.

या जातीचे लोक ओहायोत आहेत, ओसाकात आहेत, जर्मनीतही आहेत. मी पाहिलेला सर्वांत सुदृढ नमुना मात्र मराठी निघाला. हा पुण्याहून तोक्योला गेलेला सॉफ्टवेअरवाला निशी-कासाईत राहतो. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, कोथिंबीर मिळते, तूरडाळ मिळते. पण घर तिथे घ्यायचं खरं कारण वेगळं असावं, असा बायकोचा वहीम आहे. तोझाई लाइनची लोकल निशी-कासाईहून निघते ती थेट नाकानोला जाते, गाडी बदलावी लागत नाही. आणि नाकानो स्टेशनबाहेर ब्रॉडवे नावाची जी इमारत आहे, तिच्यात जुनी खेळणी, जुनी मासिकं आणि जुने गेम यांची दुकानं मजल्यामजल्यावर पसरलेली आहेत.

पुण्याहून पाहुणे आले की तो उत्साहाने "चला, तोक्यो दाखवतो" म्हणतो. पाहुण्यांना असाकुसाचं देऊळ बघायचं असतं. "ते वाटेतच आहे," असं सांगून तो त्यांना नाकानोला नेतो. सासूबाईंनी नकाशा पाहिला नसता तर हे खपलंही असतं.

अकिहाबारा या तोक्योतल्या प्रसिद्ध गेमबाजारात तो विकत घ्यायला जात नाही, भाव बघायला जातो. "तिथलं सगळं टूरिस्ट लोकांनी धुऊन नेलं," हे तो तिथे उभा राहून, स्वतः परदेशी असल्याचं पार विसरून बोलतो. त्याची खरी शिकार उपनगरातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत चालते. तिथे 'जंक' लिहिलेल्या पेट्या असतात. त्यातला माल तपासलेला नसतो, परत घेतला जात नाही, वायरींचा गुंता कोपरापर्यंत हात घालून उपसावा लागतो. घरी मुलीचा खेळण्यांचा पसारा बघून "हे कोण आवरणार?" असं ओरडणारा हा माणूस त्या पेट्यांपुढे तासभर उकिडवा बसतो. दरवेळी हाताला लागतो तो 'मारिओज टेनिस'. अमेरिकेत हा गेम यंत्राबरोबरच येत असे आणि जपानातही तो उदंड आहे. आमच्या माणसाकडे त्या गेमच्या चार प्रती आहेत. "पाचवी घेऊन ठेवू का? डबा जरा बरा आहे," असा मेसेज आला की बायको उत्तरात फक्त घरभाड्याची तारीख पाठवते.

बावीसांत सगळे सारखे नसतात. पहिले डझनभर कुणालाही जमतात. मग येतं 'वॉटरवर्ल्ड'. फक्त अमेरिकेत निघालेला, त्याच नावाच्या सिनेमावरचा हा गेम या यंत्रावरचा सर्वांत टाकाऊ म्हणून ओळखला जातो. त्याने तो समुद्रापलीकडून मागवला, जकात भरली आणि आजवर एकदाही लावला नाही. वाईट आहे हे ठाऊक आहे, मग बघायचं काय, असा त्याचा सवाल असतो. शेवटी उरतात ते चार डोंगर: 'व्हर्च्युअल लॅब', 'व्हर्च्युअल बोलिंग', 'एसडी गुंडम' आणि 'स्पेस इन्व्हेडर्स'. चारही जपानात १९९५ च्या डिसेंबरात आले, यंत्र शेवटच्या घटका मोजत असताना. कुणी घेणार नाही म्हणून थोडे छापले, आणि कुणी घेतले नाहीत म्हणून आज डब्यासकट हवे असले तर खिसा रिकामा करायची तयारी ठेवा. 'व्हर्च्युअल लॅब' तर इतक्या घाईत निघाला की त्यावर 'निन्टेन्डो'चं स्पेलिंगच चुकलंय. त्या चुकीवर बोट ठेवताना बावीसवाल्याचे डोळे पाणावतात.

नुसता गेम मिळाला म्हणजे मिळाला असं नसतं. नुसतं कार्ट्रिज म्हणजे 'लूज', ते गरिबांचं. डबा आणि माहितीपुस्तिका असली की 'कम्प्लीट'. पण त्यातही मेख आहे. व्हर्च्युअल बॉयच्या कार्ट्रिजच्या तोंडावर धूळ बसू नये म्हणून प्लास्टिकचं एक छोटं टोपण येत असे. तीस वर्षांपूर्वी पोरांनी ती टोपणं पहिल्याच दिवशी फेकून दिली, कारण ती पोरं शहाणी होती. आज 'कम्प्लीट' म्हणवणाऱ्याकडे टोपण आहे का, हा या पंथातला पहिला प्रश्न. नसेल तर विचारणारा पुढे बोलत नाही, नुसतं "हं" म्हणतो.

एवढं जमवून तो खेळतो का? छे. खेळलं की पुस्तिका उघडावी लागते, डबा हाताळावा लागतो, आणि यंत्र बिघडायची भीती असतेच. या यंत्राचं दुखणं प्रसिद्ध आहे. आतली पडद्याला जोडणारी पट्टी एका डिंकावर चिकटलेली असते. वर्षं गेली की डिंक सुटतो, चित्रात रेघा येतात, कधी एक डोळा पुरता अंधारतो. उघडायचं तर साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, खास तोंडाचे दोन वेगळे आणावे लागतात. पक्का इलाज म्हणजे डाग देऊन जोडणं. कच्चा इलाज म्हणजे उष्णता, आणि उष्णतेसाठी काही भक्तांनी घरच्या ओव्हनचा मार्ग दाखवून ठेवलाय.

"अरे, ओव्हनमध्ये काय ठेवलंयस?"

"डिस्प्ले."

"कसला डिस्प्ले? किती वेळ?"

"तू नानखटाईला किती वेळ ठेवतेस?"

त्या घरात नंतर बरेच दिवस नानखटाई झाली नाही.

आईला तो व्हिडिओ कॉलवर कपाट दाखवतो. "छान लावलंयस हो," ती म्हणते, "पण त्यात दिसतं काय?" "लाल," तो म्हणतो. मुलीलाही बघायचं असतं. सात वर्षांखालच्या मुलांनी हे वापरू नये, अशी कंपनीचीच सूचना आहे. त्या सूचनेचा त्याने वर्षानुवर्षं ढालीसारखा वापर केला. सातवा वाढदिवस जवळ आला तसा तो कावराबावरा झाला आणि तिला ऐन वेळी सायकल घेऊन दिली. एरवी सायकलीला त्याचा विरोध होता.

बावीस पुरे झाले तेव्हा वाटलं होतं, सुटला. पण संपणारा छंद हवा म्हणणाऱ्याला तो संपलेला मात्र नको असतो. लगेच तेविसाव्याचा वाद निघाला. 'बाउन्ड हाय!' नावाचा गेम यंत्र बंद पडल्यामुळे कधी बाजारातच आला नाही. पुढे चाहत्यांनी तो मिळवून स्वतः कार्ट्रिजं बनवली. तो धरायचा की नाही? यावर पंथात दोन तट आहेत, आणि ते एकमेकांच्या कपाटांचे फोटोसुद्धा बघत नाहीत. आमचा माणूस जाहीरपणे बावीसवाला आहे. 'बाउन्ड हाय!' त्याच्याकडे आहे, पण वेगळ्या कप्प्यात, मोज्यांखाली.

मग सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द निन्टेन्डोने जाहीर केलं की व्हर्च्युअल बॉयचे गेम आता वर्गणी भरून कंपनीच्या स्विच या यंत्रावर खेळता येतील, वर तसाच दिसणारा लाल डबाही मिळेल. ज्या यंत्राचं नाव कंपनीने एवढी वर्षं फारसं घेतलं नाही, त्याला तिने सन्मानाने परत बोलावलं. खऱ्या भक्ताने पेढे वाटायला हवे होते. हा दोन दिवस नीट जेवला नाही. "आता कुणीही खेळेल," एवढंच म्हणाला.

त्याला बरं वाटायला एकच गोष्ट उपयोगी पडेल, ती इथे जाहीर करतो. त्याच्या 'व्हर्च्युअल बोलिंग'ला टोपण नाही. ही गोष्ट बायकोलासुद्धा माहीत नाही. वाचकांपैकी कुणाच्या चुलत्याच्या, मेव्हण्याच्या किंवा घरमालकाच्या अमेरिकेतल्या वा जपानातल्या माळ्यावर ते लाल यंत्र पडलं असेल, तर कृपया कार्ट्रिजच्या तोंडाशी बघावं. गेम तुमच्याकडेच ठेवा, यंत्र ठेवा, हवं तर त्याच्याकडून एक 'मारिओज टेनिस' फुकट घ्या. फक्त टोपण पाठवा.