चूक नक्की कितव्या ओळीवर?

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांत मालाचा, पगाराचा, जीएसटीचा हिशेब आजही फाइलींतून इकडून तिकडे जातो. एका प्रोग्रॅममधून एक्सेलची फाइल काढायची, दुसऱ्यात चढवायची. मध्ये एखादी रक्कम वेडीवाकडी पडली की दुसरा प्रोग्रॅम थांबतो आणि पडद्यावर एवढंच येतं, ‘फाइलमध्ये चूक आहे.’ कुठे आहे, ते नाही. फाइल हजारो ओळींची, महिनाअखेर आलेली, आणि अकाउंटंट माउसचं चाक फिरवत एकेक ओळ डोळ्यांखालून घालत बसलेला. जो प्रोग्रॅम थांबला त्याने ती ओळ नुकतीच वाचलेली असते. ती कितवी होती हे सांगण्याची तसदी त्याला लिहिणाऱ्याने घेतलेली नसते. ही तक्रार लहान आहे, पण गंभीर आहे, आणि ती मी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांकडेच करतो आहे.

मोठी फाइल प्रोग्रॅम एका घासात वाचत नाही. मजकूर प्रवाहासारखा येतो. एक ओळ आली, तपासली, सोडली, पुढची घेतली. मेमरी वाचते, कितीही मोठी फाइल चालते. पण प्रवाह मागे वळत नाही. नेटवर्कवरून किंवा दुसऱ्या प्रोग्रॅमकडून येणारा मजकूर तर एकदा गेला की गेलाच. म्हणून ओळी मोजायच्या त्या वाचतानाच. चूक सापडल्यावर मोजू म्हटलं तर मोजायला हातात काही उरत नाही. हे काम एका आकड्याचं आहे. ओळ आली की एक मिळवायचा. तरीही ते होत नाही, आणि जिथे होतं तिथे बहुतेक वेळा चुकतं.

हिंगणा रोडवर अभियांत्रिकीची कॉलेजं ओळीने आहेत. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण कॉलेज १९८४चं, डिगडोहच्या टेकडीवरचं रायसोनी १९९६चं. मेट्रोची ॲक्वा लाइन २०२०मध्ये लोकमान्यनगरपर्यंत आल्यापासून सकाळी पोरापोरींचे घोळके तिथे उतरताना दिसतात. संगणकाच्या मुलांना जावा चुकत नाही, आणि जावात याच कामासाठी एक तयार क्लास आहे, लाइननंबररीडर. फेब्रुवारी १९९७मध्ये आलेल्या जावा १.१पासून तो भाषेसोबत मिळतो. म्हणजे आज कॉलेजात बसलेल्या मुलांहून तो वयाने मोठा आहे. इतक्या जुन्या, इतक्या साध्या गोष्टीत गोंधळाला जागा नसावी. पण आहे.

हा क्लास मोजणी शून्यापासून सुरू करतो आणि ओळ संपल्याची खूण वाचली की आकडा एकाने वाढवतो. आता एकेक अक्षर वाचत गेलात आणि पहिल्या ओळीच्या मध्यावर त्याला विचारलंत, ‘कितवी ओळ?’, तर उत्तर येतं शून्य. तीच ओळ रीडलाइनने अख्खी वाचलीत आणि मग विचारलंत, तर उत्तर येतं एक. ओळ तीच, फाइल तीच, क्लासही तोच, फक्त विचारण्याची वेळ वेगळी. हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे हे मला माहीत आहे. लिहिलेलं आहे म्हणून ते सोयीचं होत नाही. ज्याने दोन्ही पद्धती एकाच प्रोग्रॅममध्ये वापरल्या, त्याच्या चुकांच्या यादीत काही आकडे एकाने कमी असणारच.

त्यात सेटलाइननंबर नावाची सोय आहे. नावावरून नव्या मुलाला वाटतं की ५०० दिले तर वाचन पाचशेव्या ओळीवर जाईल. जात नाही. प्रवाह आहे तिथेच राहतो, बदलतो तो फक्त सांगायचा आकडा. हिंगणा रोडवरचा मैलाचा दगड उचलून पुढे ठेवला म्हणून नागपूर जवळ येत नाही. या सोयीचा खरा उपयोग आहे, फाइलीच्या सुरुवातीच्या ओळी आधीच कुणी वाचून टाकल्या असतील तर मोजणी तिथून पुढे चालू ठेवण्याचा. तो उपयोग शिकवायला हवा. आधी नुसतं नाव शिकवलं जातं.

याआधी, जावाच्या पहिल्या आवृत्तीत, लाइननंबरइनपुटस्ट्रीम नावाचा क्लास होता. तो अक्षरं नव्हे, बाइट वाचायचा. १.१मध्येच त्याच्यावर ‘वापरू नका’चा शिक्का बसला, कारण एक बाइट म्हणजे एक अक्षर हे त्याने धरलेलं गृहीत चुकीचं होतं. इंग्रजीपुरतं पाहणाऱ्याला यात फार बिघडलं असं वाटणार नाही. मराठी फाइल वाचणाऱ्याने मात्र हे नीट समजून घ्यावं.

एक्सेलमध्ये ‘युनिकोड टेक्स्ट’ म्हणून फाइल जतन केली की ती यूटीएफ-१६ पद्धतीने लिहिली जाते, एकेका देवनागरी अक्षराला दोन बाइट. त्यातला एक बाइट देवनागरीच्या मूळ संचातल्या प्रत्येक अक्षरासाठी एकच असतो, ९. आणि संगणकाच्या जुन्या संकेतात ९ म्हणजे टॅब, रकाने वेगळे करणारी खूण. ‘ऊ’चे दोन बाइट आहेत ९ आणि १०. १० म्हणजे ओळ संपली. ‘ऍ’चे ९ आणि १३. १३ म्हणजे छपाईचं डोकं ओळीच्या सुरुवातीला परत न्या. तीही ओळ संपल्याचीच खूण धरली जाते. आता एखादं पगारपत्रक घ्या. आमच्याकडे राऊत कमी नाहीत, भाऊराव तर घरोघरी. बाइट मोजणारा प्रोग्रॅम प्रत्येक राऊतांपाशी ओळ मोडतो, प्रत्येक भाऊरावांपाशी ओळ मोडतो. खरी ओळ संपते तिथे १३ आणि १० यांच्यामध्ये शून्याचा बाइट येत असल्याने तो एकीच्या दोन ओळी मोजतो. मग तो म्हणतो, चूक अमुक ओळीवर आहे, आणि फाइलीत तेवढ्या ओळीच नसतात. यूटीएफ-८मध्ये हा घोटाळा होत नाही. तिथे देवनागरी अक्षराला तीन बाइट लागतात, पण त्यातला एकही १० किंवा १३ नसतो. म्हणून माझं म्हणणं आहे की मराठी मजकूर यूटीएफ-८मध्येच द्यावा-घ्यावा, आणि वाचताना कोणती पद्धत आहे ते प्रोग्रॅमला स्पष्ट सांगावं. अंदाजावर सोडू नये.

ओळ संपते कुठे, यावरच जगाचं एकमत झालेलं नाही. युनिक्सने नुसता १० घेतला. डॉस आणि विंडोजने टेलिप्रिंटरच्या जमान्यातली १३ आणि १० ही जोडी तशीच ठेवली. जुन्या मॅकिंतॉशने नुसता १३. विंडोजच्या नोटपॅडला युनिक्सच्या ओळी ओळखता यायला २०१८ साल उजाडलं; तोवर अख्खी फाइल त्यात एकाच लांब ओळीसारखी दिसायची, आणि ‘१२०व्या ओळीवर चूक’ हा निरोप वाचणाऱ्याला काही कामाचा नव्हता. शेवटच्या ओळीचं दुखणं वेगळंच. तिच्यापुढे एंटर दाबलेलं नसेल तर ती ओळ धरायची की नाही? युनिक्सचा मोजणीचा हुकूम ‘डब्ल्यूसी’ ओळसमाप्तीच्या खुणा मोजतो, म्हणून ती धरत नाही. रीडलाइन धरतं. दोन बाजूंनी दोन आकडे येतात आणि लोक एक नोंद गहाळ झाली म्हणून शोधत बसतात. गहाळ काहीच झालेलं नसतं.

पत्त्यांचा त्रास तर रोजचा. एक्सेलच्या एकाच चौकटीत लोक पत्ता तीन ओळींत लिहितात, वर प्लॉट नंबर, मग एमआयडीसी हिंगणा रोड, मग नागपूर. ही फाइल सीएसव्ही म्हणून काढली की अवतरणचिन्हांच्या आत त्या ओळी तशाच राहतात. २००५च्या आरएफसी ४१८० या टिपणात हे रीतसर नोंदलेलं आहे, म्हणजे फाइल चुकीची नाही. पण आता नोंदी आणि ओळी यांचा मेळ तुटला. चाळिसावी नोंद शंभराव्या ओळीच्याही पुढे गेलेली असू शकते. त्यात पहिली ओळ रकान्यांच्या नावांची, म्हणजे प्रोग्रॅमची पहिली नोंद एक्सेलमध्ये दुसऱ्या रांगेत. प्रोग्रॅम म्हणतो ४७, आणि फोनवर आवाज येतो, ‘भाऊ, ४७मध्ये तर सगळं बरोबर आहे ना!’ त्याचं बरोबरच असतं. पायथनच्या सीएसव्ही वाचकाला हे ठाऊक आहे. त्याचा ओळींचा आकडा आणि नोंदींचा आकडा एक नव्हे असं त्याच्या माहितीत स्पष्ट सांगितलेलं आहे. एवढा प्रामाणिकपणा सगळीकडे हवा.

आणखी एक गोष्ट, कारण ती शोधायला फार वेळ जातो. लाइननंबररीडरवर वरून बफर्डरीडर चढवला की मोजणी बिघडते. बफर्डरीडर एरवी एका वेळी ८,१९२ अक्षरं उचलतो. तुम्ही पहिली ओळ वाचत असता आणि खालचा मोजणारा त्या सगळ्या अक्षरांतल्या ओळी मोजून पुढे गेलेला असतो. मोजणारा सर्वांत वर हवा, वाचणाऱ्याच्या हाताशी. आणि मार्च २०१४मध्ये जावा ८ने फाइल्स.लाइन्स दिलं, ओळींचा देखणा प्रवाह, तर त्यात ओळीचा क्रमांकच नाही. मुलं बाहेर एक आकडा ठेवून तो वाढवत नेतात. काम समांतर चालवलं की तो आकडा भलत्याच ओळीला चिकटतो. १९७७च्या ऑक या भाषेत ओळीचा क्रमांक, ‘एनआर’, न मागता मिळायचा, एकपासून. सदतीस वर्षांनी आलेल्या सोयीत तो नसावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शून्याची बाजू घेणारे डाइक्स्ट्रा या संगणकशास्त्रज्ञांकडे बोट दाखवतात. ऑगस्ट १९८२च्या आपल्या टिपणात त्यांनी क्रमांक शून्यापासून का असावेत हे मांडलं. तो युक्तिवाद मला पटतो, पण तो संख्यांच्या सलग पल्ल्यांविषयी आणि यादीतल्या घटकांच्या क्रमांकांविषयी आहे. ओळीचा क्रमांक माणसासाठी असतो. तो माणूस एडिटर उघडतो तेव्हा डावीकडे पहिला आकडा १ असतो, एक्सेलमध्येही १. प्रोग्रॅमच्या पोटात काय मोजायचं ते मोजा. बाहेर आकडा यायचा तो त्याच्या पडद्यावर दिसतो तोच यायला हवा.

म्हणून हिंगणा रोडवरच्या प्रयोगशाळांत आज फाइल वाचायचा पहिला प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींना माझी विनंती आहे. चुकीच्या निरोपात फाइलचं नाव घाला, ओळ एकपासून मोजा, नोंद मोजत असाल तर ‘नोंद’ असंच लिहा, आणि चुकलेली ओळ जशीच्या तशी खाली दाखवा. चार ओळींचं काम आहे. परीक्षेत त्याला गुण नसतील, तरी करा. आणि शिकवणाऱ्यांनी त्याला गुण ठेवावेत.