ऋणनिर्देश तयार आहे

पहिली कादंबरी लिहिणारा तरुण पुण्यात ओळखायला अवघड नाही. ज्याची कादंबरी लिहून झाली आहे, तो तिचा विषय निघाला की चहा मागवतो. ज्याला लिहायचीच नाही, तो दुसऱ्यांच्या कादंबऱ्यांना नावं ठेवतो. आणि जो ‘सध्या लिहितोय’, तो पेनाबद्दल बोलतो. निब जाड की बारीक, शाई कॅमलची की बाहेरची, कागदातून पलीकडे उमटते का, वही शिवणीची बरी की तारेची. एवढं सगळं ऐकून झाल्यावर आपण विचारावं, ‘मग हातानंच लिहितोस वाटतं?’ तर तो म्हणतो, ‘छे, लॅपटॉपवर.’

आमच्या वरच्या खोलीत असा एक नवोदित राहतो. त्याला नाव आहे, पण ते मुखपृष्ठावर येण्याआधी मी फोडणं बरं नव्हे. मूळचा औसा तालुक्यातला, म्हणजे लातूरकडचा. नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअर तपासण्याची. मीही उभा जन्म छापखान्यांतून मुद्रितशोधक म्हणून काढला. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी दोन माणसं एका जिन्यावर आली, तेव्हा सूत जुळायला वेळ लागला नाही. खोली देताना मी एवढंच विचारलं होतं, ‘लिहिताना आवाज नाही ना होत?’ तो म्हणाला, ‘नाही काकू.’ हा शब्द त्यानं आजतागायत पाळला आहे. लिहिण्याचा आवाज वरून कधीच आला नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो वही घेऊन खाली येतो आणि आढावा वाचून दाखवतो. आढाव्याचे भाग तीन: छंद, कृतज्ञता आणि कादंबरी. क्रम ठरलेला आहे आणि पानांची वाटणीही. छंदांना चार पानं, कृतज्ञतेला सहा आणि कादंबरीला ‘पान उलटा’ एवढी जागा. आमचे हे आढाव्याच्या वेळी बरोबर भाजी आणायला जातात.

छंदांचं असं आहे, की नुसता छंद म्हणून तो काहीच करत नाही. सगळं कादंबरीसाठी. कादंबरीच्या नायकाच्या पणजोबांचं जमिनीचं एक खत मोडीत आहे, म्हणून हा मोडी शिकायला गेला. आता त्याला जुनी कागदपत्रं बऱ्यापैकी लागतात. गेल्या गणपतीत आमच्याकडच्या ट्रंकेत सापडलेला कागद त्यानं वाचून दिला, तेव्हा आमच्या घराण्याची सनद म्हणून जपलेली ती चीज प्रत्यक्षात किराण्याची उधारी निघाली. नायकाच्या पणजोबांचं खत मात्र अजून लिहून व्हायचं आहे, त्यामुळे ते वाचण्याचा प्रश्न नाही.

मग पक्षी आले. कादंबरीत एक तळं आहे, तळ्यावर पक्षी असणार, ते कुठले असणार हे नको का कळायला? म्हणून थंडीत पहाटे उठून भिगवणला, उजनीच्या फुगवट्यावर रोहित बघायला. मी म्हटलं, ‘अरे, तुझ्या औशाच्या तळ्यावर रोहित येतात का?’ तर म्हणाला, ‘नाही येत. पण काय येत नाही, हे लेखकाला माहीत हवं.’ या उत्तरावर मुद्रितशोधकाला काही खूण करता येत नाही. दुर्बीण हप्त्यांवर घेतली आहे.

आषाढात आयटी दिंडीबरोबर आळंदी ते पुणे. नायकाची आत्या वारकरी आहे. पावसाळ्यात सिंहगड, कारण गडावरचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही यांचं ‘संवेदनात्मक टिपण’ करायचं होतं. ते टिपण मी वाचलं आहे. दह्याबद्दल दीड पान आहे आणि गडाबद्दल ‘चढ बराच आहे’ एवढंच.

पण सगळ्यांत महाग पडला तो अभ्यासिकेचा छंद. नवी पेठेत आम्ही राहतो. इथं दर दोन इमारतींआड एक अभ्यासिका आणि दर इमारतीत कॉट बेसिसवर राहणारी स्पर्धा परीक्षेची पोरं. पहाटेच जागा धरायची, डबा तिथंच खायचा, रात्री दिवे घालवायला माणूस आला की उठायचं. ही शिस्त बघून नवोदित भारावला. त्यानंही महिन्याचे पैसे भरून एक टेबल घेतलं. सगळी पोरं माना खाली घालून लक्ष्मीकांतचं राज्यशास्त्र वाचताहेत, मध्ये हा कादंबरी लिहितोय, असं चित्र त्याच्या मनात होतं. पंधरवड्यात हाही लक्ष्मीकांत वाचायला लागला. शेजारच्या पोराला कलम विचारून घ्यायला कोणी नव्हतं, म्हणून हा विचारायचा. विचारता विचारता याचंच पाठ झालं. आता त्याला वित्त आयोगाचं कलम 280 झोपेतून उठवलं तरी येतं. मी कपाळाला हात लावला तर म्हणतो, ‘काकू, कादंबरीत सरपंच आहे. 73वी घटनादुरुस्ती कळल्याशिवाय सरपंच कसा उभा राहील?’ सरपंच अद्याप उभा राहिलेला नाही. शेजारचं पोरगं मात्र पूर्व परीक्षेत पास झालं आणि पेढे घेऊन आलं ते याच्या नावानं.

अमेरिकेतल्या ज्युलिया कॅमेरॉनबाईंचं 1992 सालचं एक पुस्तक आहे, ‘द आर्टिस्ट्स वे’. सकाळी उठल्याबरोबर, मनात येईल ते, हातानं तीन पानं लिहून काढावीत, म्हणजे डोक्यातला गाळ निघून जातो, असा त्यातला उपाय. नवोदित तो निष्ठेनं करतो. इतक्या निष्ठेनं, की गाळाबरोबर पाणीही जातं. तीन पानं झाली की त्याला ‘आज लिहिणं झालं’ असं समाधान मिळतं, आणि समाधानी माणसानं आजवर कुठली कादंबरी लिहिली आहे?

याच देशातून नोव्हेंबरचं ते खूळ आलं. महिनाभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची. 1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोकडे ख्रिस बॅटी नावाच्या माणसानं वीस मित्र जमवून हा उद्योग सुरू केला आणि पुढं जगभर लाखो लोक त्यात ओढले गेले. भागाकार केला तर रोजचे सतराशेला थोडे कमी शब्द होतात. आमच्या नवोदितानं 2024 मध्ये त्यात उडी घेतली. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं. अमेरिकेत बसून महिना निवडणाऱ्याला हे कसं ठाऊक असणार? पहिल्या दिवशी लक्ष्मीपूजन, मग पाडवा, मग भाऊबीज, मग गावाहून परतीची गाडी, मग फराळाचं पोट, मग दिवाळी अंक. आपल्याकडे 1909 साली ‘मनोरंजन’नं दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीत मराठी माणूस वाचतो, त्यानं दिवाळीत लिहावं ही अपेक्षाच पंचांगाविरुद्ध आहे. पुढल्या वर्षी, 2025 मध्ये, हा उद्योग चालवणारी मूळ संस्थाच बंद झाल्याची बातमी आली. नवोदिताला फार लागलं. दुखवटा म्हणून त्यानं एप्रिलभर काही लिहिलं नाही.

आता कादंबरी. तिची प्रगती संगणकातल्या तक्त्यात असते, खाली आलेख. आलेख वर गेला की तो सांगतो, ‘कादंबरी वाढतेय.’ खाली आला की सांगतो, ‘घट्ट होतेय.’ आडवा राहिला की ‘मुरतेय.’ एखाद्या महिन्यात शब्द निम्मे झाले, तर मीच धास्तावते. हा खुशीत असतो, कारण कापाकापीला तो लेखनाहून वरचा दर्जा देतो. शीर्षक दर तिमाहीला बदलतं. मुखपृष्ठाचा रंग मात्र पक्का आहे: विटकरी.

उदाहरणं दिली की तो हिरमुसतो. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिली, हे मी सहज बोलून गेले. त्यावर त्यानं तुरुंगातल्या एकांताचा हेवा वाटतो असं काहीतरी लिहून काढलं. ‘कोसला’ 1963 ला आली तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, ही गोष्ट त्यानं सव्विसाव्या वाढदिवसालाच शोधून काढली आणि केक तसाच राहिला. मग मीच त्याला समजावलं, की मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ 2004 ची आहे, तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. त्याचा चेहरा फुलला. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार पस्तिशीपर्यंत मिळू शकतो, हा हिशेबही त्याच्या तक्त्यात एका निळ्या रांगेत आहे. हरिभाऊ आपट्यांचा मात्र तो विषय काढू देत नाही. हरिभाऊंना 1890 पासून दर आठवड्याला ‘करमणूक’ काढायचा होता. ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातच क्रमशः छापली गेली. छापखाना थांबत नसतो. तिथं ‘मुरतेय’ म्हणून सांगायची सोय नाही.

राहिली कृतज्ञता. रोज रात्री तीन गोष्टींचे आभार लिहायचे, असं कुठल्याशा व्हिडिओत त्यानं ऐकलं आणि मनावर घेतलं. सुरुवातीला मला हसू यायचं. न थांबलेल्या बसचे आभार, कारण चालताना शीर्षक सुचलं. पगार न वाढवणाऱ्या साहेबांचे आभार, कारण सुखवस्तूपणा लेखकाला मारक. मेसवाल्या काकूंचे आभार, कारण न विचारता चौथी पोळी. यातून कादंबरीचा ऋणनिर्देश तयार होत गेला आणि तो आता फर्मा भरेल एवढा आहे, म्हणजे छापील सोळा पानं. मी त्याची प्रुफंसुद्धा तपासली आहेत. कादंबरीच्या आधी ऋणनिर्देशाची प्रुफं तपासण्याचा प्रसंग माझ्या अख्ख्या नोकरीत आला नव्हता.

पण तपासताना एक गोष्ट ध्यानात आली, ती सांगितलीच पाहिजे. कादंबरीचं पहिलं प्रकरण मी वाचलं आहे. त्यात संध्याकाळ रक्तवर्णी आहे, नायकाचं अंतर्मन सहा वेळा विदीर्ण होतं आणि माणसं एकमेकांशी बोलण्याऐवजी निबंध म्हणतात. सरळ लातूरकडचा म्हातारा ‘तथापि’ म्हणतो. आणि याच माणसाच्या आभाराच्या वहीत काय आहे? ‘आजीचे आभार. गावाकडं पाऊस सुरू झाला म्हणून तिनं फोन पत्र्याखाली धरला आणि मला ऐकवला. पाच मिनिटं दोघं काही बोललो नाही. मग म्हणाली, ठिवते, बिल येतंय.’ आणखी एके ठिकाणी: ‘अभ्यासिकेतल्या दादाचे आभार. नापास झाल्याचं घरी सांगायला त्यानं माझा फोन घेतला, कारण त्याच्या फोनवरून केला असता तर आईनं आवाजावरून नाही, नुसत्या नंबरवरून ओळखलं असतं.’

मुद्रितशोधकाचं काम ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, मजकूर कसा आहे ते सांगायचं नाही. आमच्या धंद्यात हा शिरस्ता आहे. मी तो मोडला. त्याला म्हटलं, ‘बाळा, ती रक्तवर्णी संध्याकाळ फेकून दे. तुझी कादंबरी या वहीत आहे. गेले कित्येक महिने तू ती रोज रात्री तीन-तीन ओळींनी लिहितोयस आणि ती लिहितोयस हे तुलाच माहीत नाही, म्हणून ती बरी उतरली आहे.’ तो बराच वेळ गप्प राहिला. मला वाटलं, लागलं बोलणं. मग त्यानं पेन काढलं, बारीक निबचं, आणि वहीत लिहिलं, ‘काकूंचे आभार. स्पष्ट बोलल्या.’ त्या रात्री वर दिवा उशिरापर्यंत होता. सकाळी मी मोठ्या आशेनं विचारलं, तर आलेखाच्या तक्त्यात कृतज्ञतेसाठी वेगळा रकाना आखून झाला होता.

औशाची आजी मला अधूनमधून फोन करते. ‘का वो बाई, झालं का पोराचं लिवून?’ मी सांगते, ‘होत आलंय.’ ती म्हणते, ‘असंच म्हनतंय ते बी.’

प्रकाशकांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी कादंबरी मागू नये, वही मागावी. अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखन मी पाहिलं आहे, मुखपृष्ठ विटकरी चालेल. फक्त जरा लवकर करावं. पुढच्या महिन्यापासून तो बासरीच्या क्लासला जाणार आहे. नायकाचे मामा बासरी वाजवायचे, असं त्याला परवाच कळलं.