रिव्हर टच प्रॉपर्टी

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरचे जावई रविवारी सकाळी डोंबिवली पूर्वेला सासुरवाडीत आले, ते मोबाइलवर कर्जतच्या एका 'इको रिसॉर्ट'चे फोटो उघडूनच. सासरे पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. अशा माणसापुढे नदीकाठच्या सहलीचा विषय काढू नये, हे जावयांना लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं.

"बाबा, सगळं ग्रीन आहे. बांबूचे टूथब्रश, मातीचे पेले, आणि टॉवेल रोज धुवायला टाकू नका अशी चिठ्ठी."

"त्या चिठ्ठीनं त्यांचं धोब्याचं बिल वाचतं. आणि जावईबापू, हिरव्याचं कौतुक डोंबिवलीकराला सांगू नका. २०१४ च्या जानेवारीत आमच्याकडे पाऊसच हिरवा पडला होता. २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला मुख्यमंत्री आले. आम्ही रंगाला भुलत नाही."

"तो कारखान्यांचा प्रताप, बाबा."

"मग हा रिसॉर्टवाल्याचा. २०२४ च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मार्गदर्शक तत्त्वं काढली. नुसतं 'इको-फ्रेंडली' लिहून भागत नाही, पुरावा द्यावा लागतो. ह्यांचा कुठाय?"

जावयांनी बोटानं फोटो पुढे सरकवले. पुरावा म्हणून एक बदक निघालं.

सासऱ्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडायला घेतला. ठाणे ते कर्जत, वाटेत डोंबिवलीला सासू-सासऱ्यांना उचलायचं. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. जावयांची एसयूव्ही देते बारा, म्हणजे पेट्रोल साडेबारा लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. बेरीज २९ किलोच्या आसपास.

"आणि बांबूच्या ब्रशनं वाचवलं किती? प्लास्टिकच्या ब्रशचं वजन २० ग्रॅमसुद्धा नसतं. सोनं उधळायचं आणि कोळसा जपायचा!"

हिशेब खोटा नव्हता. जगातल्या हरितगृह वायूंपैकी सुमारे ८ टक्के पर्यटनाच्या खात्यावर जमा होतात, असं 'नेचर क्लायमेट चेंज'मधल्या २०१८ च्या अभ्यासात म्हटलं आहे, आणि त्यात प्रवासाचा वाटा मोठा. पण जावईही काही कमी नव्हते.

"मग लोकलनं जायचं? कोळशावरची वीज लागतेच की तिला."

"लागते. पण ती हजारो माणसांत वाटली जाते. तुमच्या गाडीत चार माणसं आणि एक कुत्रा. शिवाय आगगाडीनं सहलीला जाण्याचा मान ठाण्याचाच. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून चौदा डब्यांतून चारशे पाहुणे कुठं आले? ठाण्याला!"

"त्या सगळ्यांना बसायला जागा मिळाली होती, बाबा. रविवारच्या कर्जत लोकलमध्ये चौथी सीट मिळवून दाखवा. आणि हिशेबच करायचा, तर गेल्या दिवाळीत सिंगापूरला विमानानं कोण गेलं होतं?"

सासऱ्यांनी पेनाचं टोपण लावलं. "ते ग्रुप बुकिंग होतं," एवढंच ते म्हणाले. ग्रुपनं गेल्यामुळे विमान कमी धूर कसा सोडतं, हे जावयांनी विचारलं नाही. जेवण व्हायचं होतं.

मग सासरे आपल्या हुकमी प्रांतात शिरले. "हे रिसॉर्ट कुठल्या नदीवर आहे?"

"उल्हास."

"ती राजमाचीच्या डोंगरात उगम पावते. खाली कर्जत, नेरळ, बदलापूर, आणि मग आम्ही. मोहिलीला पाणी उचलतो, तुरटी फिरवतो, क्लोरीन घालतो आणि तुमच्या सासूबाईंच्या माठात आणून सोडतो. शनिवारी कोंडाण्याच्या धबधब्याखाली तुम्ही जे टाकता, ते तुमच्या आधी घरी येतं."

"प्लास्टिक काही नळातून येत नाही!"

"प्लास्टिक नाही येत. पण नदीत मैलापाणी येतं, त्यातला नत्र आणि स्फुरद येतो. त्यावर जलपर्णी माजते आणि उन्हाळ्यात नदीचं हिरवंगार लॉन होतं. फोटोत फार इको दिसतं. काठाला शहरंही आहेत, कारखानेही आहेत, सगळं पाप पर्यटकांचं नाही. पण फार्महाउसवाला आपलं पाणी कुठं सोडतो, एवढं तरी विचाराल? ब्रश कशाचा ते विचारलंत."

हा प्रश्न रास्त होता. आणि गर्दीचंही तसंच. कासच्या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांच्या आसपास माणसं सोडतात. कर्जतच्या नदीकाठी मात्र पार्किंग मिळालं की प्रवेश मिळाला.

जावयांनी चिडून रिसॉर्टला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"नमस्कार सर! वीकेंडला थोडेच कॉटेज राहिलेत."

"तुमचं सांडपाणी कुठं जातं?"

"अजिबात काळजी करू नका सर. रिव्हर टच प्रॉपर्टी आहे, मागेच नदी!"

सासऱ्यांनी हातातला पेला खाली ठेवला. पाणी अर्धं प्यायलं होतं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "झालं? आता माथेरानचं बघा. २००३ पासून इको-सेन्सिटिव्ह झोन आहे. तुमची गाडी दस्तुरीच्या पुढे जाणारच नाही, मग वादच नको."

"आई, पावसाळ्यात नेरळहून मिनी ट्रेन बंद असते."

"घाटातली बंद असते. दस्तुरीजवळच्या अमन लॉजहून वर शटल चालते. नेरळपर्यंत लोकल, तिथून दस्तुरीला शेअर टॅक्सी, पाण्याच्या बाटल्या घरून."

"तुला एवढं कसं ठाऊक?" सासऱ्यांनी विचारलं.

"महिला मंडळ जाऊन आलं. तुम्ही सिंगापूरचे फोटो लावत बसला होतात."

"आणि कचरा?"

"सगळा पिशवीत भरून परत आणला. वेफर्सची पाकिटं बघून तुम्ही भाषण द्याल म्हणून ठाण्याला उतरले आणि जावयांच्या सोसायटीच्या डब्यात टाकला."

"आई, सुका आणि ओला वेगळा केला होतात ना?" जावयांनी घाबरून विचारलं. "गेल्या महिन्यात आमच्या मजल्याला दंड झालाय."